रायफलीचं शेवटी सांगतो

सिएटलच्या दोघा मित्रांचा प्रश्न आहे. पुढच्या मे महिन्यात अलास्कात, प्रिन्स विल्यम साउंड या समुद्राच्या आखातात, सात दिवस काळ्या अस्वलाच्या शिकारीला जायचंय. गाइड घ्यायचा नाही. अठरा फुटी ॲल्युमिनियमची बोट आहे, ९० अश्वशक्तीचं इंजिन आहे, आणि व्हिटियर बंदरापासून चाळीस नॉटिकल मैलांवर तळ टाकायचा बेत आहे. तर .३०८ रायफल पुरेल की जास्त जाड गोळीची .३३८ घ्यावी?

प्रश्नातल्या बहुतेक ओळी रायफलीवर आहेत, बोटीवर एक. मी मूळचा देवगडचा, गेली वीसेक वर्षं अँकरेजला आहे आणि जवळजवळ दर वसंतात साउंडला जातो. म्हणून सांगतो, ही शिकारीची सहल नव्हेच. ही थंड पाण्यातली होडीची सफर आहे, आणि तिच्यात मधे कुठेतरी एक-दोन तासांची शिकार येते. म्हणून आखणी उलटीकडून करा. मांस घरी पोचलं, बोट ट्रेलरवर चढली, तिथून मागं मागं या. रायफल त्या वाटेवर अगदी शेवटी लागेल.

त्याआधी कागद. तुम्ही दोघं अमेरिकी नागरिक आहात असं लिहिलंय, म्हणून काळ्या अस्वलासाठी गाइडची सक्ती नाही. तपकिरी अस्वल, म्हणजे ग्रिझली, मारायचं असेल तर परराज्यातल्या माणसाला परवानाधारक गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक लागतो. आणि भारतातून आलेल्या मेहुण्याला सोबत घ्यायचा विचार असेल तर तो बंदूक न घेता येऊ दे. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला इथं काळ्या अस्वलालाही गाइड लागतो. एच-वनवर असलेल्या एखाद्या मित्राला नेणार असाल तर तोही विषय नाजूक आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायलाच केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, पण तो हातात पडेपर्यंत ‘जरा धर रे’ म्हणूनसुद्धा रायफल त्याच्या हाती देऊ नका.

परराज्यातल्या माणसाला शिकारीचा वार्षिक परवाना १६० डॉलरला पडतो आणि काळ्या अस्वलाचा कुलूप-टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला अडकवायची पट्टी, ४५० डॉलरला. शिवाय त्या त्या विभागाचा परमिट असतो. प्रिन्स ऑफ वेल्स बेटासारख्या आग्नेय अलास्कातल्या नामी जागांना बिनगाइडच्या परराज्यवाल्यांसाठी सोडत आहे. तिचे अर्ज १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर घेतात आणि निकाल फेब्रुवारीत लागतो. साउंडचे नियमही गेल्या काही वर्षांत कडक झाले आहेत. चालू वर्षाची नियमपुस्तिका उतरवून घ्या आणि साउंडचं, म्हणजे विभाग ६-डीचं, पान छापून बोटीत ठेवा. तिथं फोन चालत नाही.

आता शेवटच्या दिवसापासून.

३१ मेपर्यंत मारलेल्या काळ्या अस्वलाचं खाण्याजोगं मांस बाहेर आणणं सक्तीचं आहे. कातडं आणि कवटी तर आणायचीच असते. वसंतात नर सरासरी ८०-९० किलोचा भरतो, म्हणजे ३०-४० किलो मांस आणि वर ओलं कातडं. ही बोटीच्या परतीच्या वजनातली भर आहे, आणि जाताना ती कुणीच मोजत नाही. कातडं आणि कवटी ३० दिवसांच्या आत राज्याच्या वन्यजीव खात्याकडून सील करून घ्यावी लागते. परमिटवर कमी मुदत लिहिली असेल तर तीच धरायची. सील झाल्याशिवाय ते राज्याबाहेर नेता येत नाही. सील करताना दात काढून घेतात आणि कवटी मोजतात, म्हणून कातडं-कवटी दगडासारखी गोठवून नेऊ नका. नर की मादी हे कळेल असा अवयव कातड्याला चिकटलेला राहू द्यायचा, सोलताना उत्साहात तो कापून टाकायचा नाही. परतताना कॅनडातून गाडीनं जायचं असेल तर साइटिसचे, म्हणजे वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद वेगळे लागतात, तेव्हा विमानानं किंवा बेलिंगहॅमच्या फेरीबोटीनं जाणं सोपं. कातडं पुढं भारतात न्यायचा विचार तर डोक्यातूनच काढून टाका. पित्ताशयाबद्दल कुणी हळूच विचारलंच तर तिथून निघा, तो धंदा गुन्ह्याचा आहे.

व्हिटियरला पोचायचा रस्ता ॲन्टन अँडरसन बोगद्यातून जातो. अडीच मैल लांब आणि एकच मार्ग. त्यातूनच गाड्या आणि त्यातूनच रेल्वे, आळीपाळीनं. रात्री तो बंद होतो. ‘शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत शिकार करू आणि रात्री निघू’ हा बेत तिथंच फुटतो. गावातली बहुतेक माणसं एकाच चौदा मजली इमारतीत राहतात. तुमच्या उशिराची दखल घ्यायला फार कुणी बसलेलं नसतं. म्हणून सातव्या दिवशी सकाळी घरी फोन जाणार असं ठरवा आणि दोन दिवस हातचे ठेवा. मी विमानाची परतीची तिकिटं नेहमी दोन दिवस पुढची काढतो. सात दिवसांतले दोन दिवस वाऱ्यामुळे तंबूत जाणार हे धरूनच चाला. नाही गेले तर नफा.

खरी चूक मला तुमच्या चाळीस मैलांत दिसते. हिशेब करून दाखवतो. जाऊन-येऊन ऐंशी मैल. तळावरून रोज पंधरा मैल याप्रमाणे पाच दिवस, म्हणजे पंचाहत्तर. एकूण १५५. भरलेली अठरा फुटी बोट गॅलनला अडीच मैलांच्या वर देईल असं मी धरत नाही, म्हणजे ६२ गॅलन. त्याच्या निम्मं राखीव, कारण उलट्या वाऱ्यात खप सहज तेवढा वाढतो. झाले ९३ गॅलन, म्हणजे ३५० लिटर, म्हणजे २६० किलो नुसतं पेट्रोल. दोन माणसं, तंबू, नांगर, खाणं, हत्यारं मिळून आणखी तीनशे किलो. बोटीवर क्षमतेची पाटी ठोकलेली असते, ती वाचा. आणि मग त्यात अस्वल मिळवा.

त्याऐवजी वीस मैलांच्या आत तळ टाका. जाऊन-येऊन चाळीस, रोजचे बारा धरून साठ, म्हणजे शंभर मैल. ४० गॅलन आणि वर २० राखीव. वजन १७० किलोच्या आत येतं. व्हिटियरच्या पॅसेज कॅनाल या खाडीतून बाहेर पडल्यावर पिगॉट बे, एस्थर बेट, कल्रॉस पॅसेज, हे सगळं टप्प्यात आहे आणि तिथं अस्वलं आहेत. लांब गेलं की अस्वल मोठं मिळतं ही समजूत बऱ्याच जणांची असते. लांब गेलं की उघडं पाणी जास्त ओलांडावं लागतं, एवढं मात्र नक्की. पेट्रोल व्हिटियर, व्हाल्डेझ आणि कॉर्डोव्हाला मिळतं. मधल्या वस्तीत मिळेल या भरवशावर निघू नका. मुख्य इंजिनाशिवाय मागे आठ-दहा अश्वशक्तीचं छोटं इंजिन हवंच, आणि त्याची टाकी वेगळी. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर दोन्ही इंजिनं एकाच वेळी खोकायला लागतात, हे मी ऐकीव सांगत नाही.

माँटेग्यू, हिंचिनब्रुक आणि हॉकिन्स या बेटांवर तपकिरी अस्वलं आहेत, काळी नाहीत. तिकडं जाऊ नका. आणि ‘काळं’ हे जातीचं नाव आहे, रंगाचं नव्हे. काळं अस्वल दालचिनीच्या रंगाचंही असतं आणि तपकिरी अस्वल लांबून काळं दिसतं. खांद्यावरचं मदार, नाकाड्याची खोलगट रेघ, नखांची लांबी, एवढं बघून खात्री झाली नाही तर बोट ट्रिगरवर जाता कामा नये.

आता पाणी. साउंडला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतलं अंतर पंधरा-सोळा फुटांपर्यंत जातं, साधारण मुंबई बंदरात जेवढं असतं तेवढंच. आमच्या देवगडला त्याच्या निम्मंही नाही, म्हणून पहिली दोन वर्षं मला हे अंगवळणी पडलं नव्हतं. दुसरं म्हणजे इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी आणि एक धाकटी. दुपारची भरतीची रेघ बघून तंबू ठोकला आणि मध्यरात्री थोरली आली की झोपेत पाय भिजतात. कोष्टकात आठवड्यातली सगळ्यांत मोठी भरती शोधा आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांच्या रांगेच्या वर तंबू टाका.

पाणी सहा तासांत उतरतं, पण सारखं उतरत नाही. अंतराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन तीन, मग दोन, मग एक. चार मीटरच्या ओहोटीत तिसऱ्या तासाला पाणी एक मीटर खाली जातं. उभ्या खडकाळ किनाऱ्यावर त्याचं काही वाटत नाही. पण अस्वलं चरतात ती खाडीच्या तोंडाशी, सपाट चिखलाच्या गवताळ जागेत. तिथं पन्नास मीटरला एक मीटर उतार असेल तर एका तासात बोटीपासून पाणी पन्नास मीटर लांब गेलेलं असतं.

माझं पाचवं का सहावं वर्ष. संध्याकाळी सातला भरती पुरी होती, आम्ही बोट गवतापर्यंत आणली, अर्ध्या तासात अस्वल पडलं. अंधार पडायला वेळ होता, मे महिन्यात इथं रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो. ‘आता काय घाई’ म्हणून निवांत सोलत बसलो. साडेनवाला मान वर केली तर बोट चिखलात कलंडलेली आणि पाणी दूर चकाकत होतं. पुढची भरती सकाळी साडेसातच्या सुमाराला. रात्रभर दोन माणसं, एक सोललेलं अस्वल, वाऱ्यावर पसरलेला रक्ताचा वास आणि तंबू तीन मैलांवर. काही झालं नाही. नुसती थंडी वाजली आणि त्या मित्राशी माझं आठवडाभर बोलणं बंद होतं. पण त्या रात्री वारा फिरून लाटा आल्या असत्या तर कलंडलेली बोट चढत्या पाण्यात आधी भरली असती आणि मग तरंगायचं विसरली असती.

यावर इथले लोक एक साधी युक्ती वापरतात. नांगराला तरंगता बोया, त्याला कप्पी, आणि कप्पीतून किनाऱ्यापर्यंत दोरीचा लांब फास, कपडे वाळत घालायच्या कप्पीच्या दोरीसारखा. माणसं उतरली, सामान उतरलं की दोरी ओढून बोट खोल पाण्यात सरकवायची आणि किनाऱ्यावरचं टोक झाडाला बांधायचं. निघताना उलटी ओढायची. कमीत कमी शंभर मीटर दोरी घ्या. घरी तलावावर दहा वेळा करून बघा, कारण पावसात बोटं बधिर झाल्यावर ती गुंतते. फार सपाट जागी तर दोघांपैकी एकानं बोटीतच थांबायचं. एकटाच सोलणार असाल तर चार-पाच तास धरा, आणि गोळी झाडण्याआधी घड्याळ बघा. पाणी चढतं असेल तर उत्तम. भरती नुकतीच पुरी झाली असेल आणि जागा सपाट असेल, तर अस्वलाला आज सोडून द्या. माझ्या वहीत अशी सोडून दिलेली अस्वलं मारलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

मे महिन्यात पाण्याचं तापमान सहा-सात अंशांच्या आसपास असतं. त्यात पडलेल्या माणसाला श्वास ताब्यात आणायला एक मिनिट लागतं, हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण तास. पोहता येणं याचा उपयोग फक्त त्या दहा मिनिटांपुरता. म्हणून लाइफ जॅकेट बोटीत नको, अंगावर हवं, आणि त्यावर सॅटेलाइटचं संकटसंदेश-यंत्र बांधलेलं हवं. बोट उलटल्यावर पिशवीतलं यंत्र पिशवीतच राहतं. व्हीएचएफ रेडिओ हवा, त्यावर १६ नंबर संकटाचा आणि हवामानाचे चॅनेल वेगळे. डोंगरांमुळे कित्येक खाड्यांत तो मुका होतो, म्हणून सकाळी बाहेर येऊन अंदाज ऐकायचा. वारा पंधरा नॉटच्या वर आणि ओहोटीच्या उलट असेल तर मी बोट हलवत नाही. आणि पॅसेज कॅनाल सकाळी लवकर ओलांडतो, दुपारी तिथं वारा नळीतून फुंकल्यासारखा येतो.

किनाऱ्यावर तिसऱ्या-शिंपल्या दिसतील, ओहोटीला ढिगानं. कोकणी माणसाचा हात शिवशिवतो. हात लावायचा नाही. त्यांत लकव्याचं विष असू शकतं आणि ते उकळून जात नाही. १७९९ साली पेरिल सामुद्रधुनीत शिंपले खाऊन रशियनांच्या तांड्यातले शंभरावर अल्युटिक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, शिकारी मेले, त्या जागेचं नावच तेव्हापासून ‘संकट’ आहे.

शिकार म्हणाल तर तिचं तंत्र थोडक्यात संपतं. बर्फ अजून किनाऱ्यापर्यंत असतं. आधी हिरवी होते ती दक्षिणेकडे तोंड असलेली, हिमकडा कोसळलेली उतरण आणि खाडीच्या तोंडचं गवत. बिळातून निघालेलं अस्वल तिथंच येतं, बहुतेक संध्याकाळी. दिवसभर बोटीतून, इंजिन बंद ठेवून दुर्बिणीनं बघायचं. अस्वल दिसलं की त्याच्या नजरेआड, टोकापलीकडे उतरायचं आणि वारा तोंडावर घेत जायचं. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत शिकलो होतो, ते इथं कामाला येतात. दिवसा वारा समुद्राकडून खाडीत चढतो, आणि संध्याकाळी बर्फाकडून खाली वाहायला लागतो. नेमकी शिकारीची वेळ आणि वारा फिरायची वेळ एकच, म्हणून घाई करायची नाही. बोटीतून गोळी झाडायची झाली तर इंजिन पूर्ण बंद आणि त्याच्या जोरानं येणारी गतीही थांबलेली हवी, असा नियम आहे. मी मात्र बोटीतून कधीच झाडत नाही. हलत्या फळीवरून जखमी केलेलं अस्वल आल्डरच्या झुडपांत शिरतं आणि मग त्याच्यामागं तुम्हालाच शिरावं लागतं.

अस्वल दिसल्यावर पंधरा मिनिटं नुसतं बघा. पिल्लं असलेली मादी मारायला बंदी आहे, आणि पिल्लं नेहमी दिसतातच असं नाही, आईनं झाडावर चढवलेली असतात. कान लहान आणि एकमेकांपासून लांब वाटले, पोट जमिनीला लागल्यासारखं वाटलं, चाल रुबाबदार असली, तर बहुधा मोठा नर.

मांस पाण्यात बुडवून धुवायचं नाही, खाऱ्या तर नाहीच. जाळीच्या पिशव्यांत वाऱ्यावर, तंबूपासून लांब टांगायचं. कातड्याला दहा-बारा किलो साधं मीठ लागतं. घरी आल्यावर एक गोष्ट विसरू नका. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा कृमी असू शकतो आणि थंड प्रदेशातली त्याची जात गोठवून मरत नाही. २०२२ साली साउथ डकोटात एका घरगुती जमावात ४५ दिवस गोठवलेल्या अस्वलाचे कबाब अर्धकच्चे खाऊन माणसं आजारी पडली. त्यात दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता, त्याच्यासोबत शिजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. घरी शाकाहारी पाहुणे असतील तर भांडी वेगळी ठेवा. मांस आत ७४ अंशांपर्यंत शिजवा. आपल्याला तसंही सोपं जातं, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्यावर त्या कृमीचं काय राहणार.

राहिली रायफल. .३०८ पुरते. शंभर-सव्वाशे मीटरच्या आत, खांद्यामागे, चांगल्या प्रतीची जड गोळी. .३३८ चा धक्का सोसत नाही म्हणून डोळे मिटणारी माणसं मी पाहिली आहेत. नवीन घेण्यापेक्षा ते पैसे लांब दोरीत आणि दुसऱ्या छोट्या इंजिनात घाला. लाकडी दस्त्याची असेल तर पावसात फुगेल, नळीच्या तोंडाला टेप लावा, रोज रात्री तेलाचा फडका मारा. आणि निघण्यापूर्वी बसून, गुडघा टेकून, झुडपाला टेकून, असे पन्नास बार मारून या. तिथं बाकडं नसतं.